बाळ ठीक आहे, आता तुझं सांग

या वेळी पत्रं भरपूर आली आणि बहुतेक सगळी नुकतीच डिलिव्हरी झालेल्यांची नाहीतर त्यांच्या घरच्यांची. एक गंमत सांगते, म्हणजे तशी ती गंमत नाहीच. जवळजवळ प्रत्येक पत्राची सुरुवात सेम आहे, "ताई, बाळ एकदम छान आहे, वजन वाढतंय, माझा प्रश्न तसा फालतूच आहे पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे ताप, रक्त, टाके, रडू, सगळं. बाळाने दिवसात किती वेळा शू केली हे अख्ख्या घराला पाठ असतं आणि आईने किती पॅड बदलले ते तिचं तिलाच माहीत. म्हणून या अंकात बाळाबद्दलचा एकही प्रश्न घेतला नाहीये, रागावू नका.

"ताई, दुसरी डिलिव्हरी, नॉर्मल. ब्लीडिंग कमी होऊन चॉकलेटी झालं होतं, काल जरा घर आवरलं, कपडे वाळत घातले, मोठ्याला आंघोळ घातली तर संध्याकाळी परत लालभडक सुरू. आणि बाळ प्यायला लागलं की पोटात अशा कळा येतात, पहिल्या वेळी अशा नव्हत्या. आत काही राहिलंय का?" — ९ दिवसांची बाळंतीण

अगं, 'जरा घर आवरलं' यातल्या 'जरा'मध्ये काय काय बसतं ते मला चांगलं माहितीये.

आधी कळांचं सांगते. डिलिव्हरी झाल्या झाल्या गर्भाशय जवळपास १ किलोचं असतं आणि ६ आठवड्यांत ते ६०-७० ग्रॅमवर येतं, म्हणजे ते रोज आकसत असतं आणि आकसताना दुखणारच. बाळाने ओढलं की ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने दूधही उतरतं आणि गर्भाशयही आवळतं, त्यामुळे नेमकं पाजतानाच कळ येते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी स्नायू थोडे सैलावलेले असतात म्हणून त्याला जास्त जोर लावावा लागतो, तुझं पहिल्यापेक्षा जास्त दुखतंय ते यामुळे. पाजायला बसायच्या आधी लघवीला जाऊन येत जा, मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशयाला नीट आकसता येत नाही आणि कळा वाढतात. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन पाजताना चालतं, फक्त तुला अ‍ॅसिडिटी, दमा, बीपी, किडनी असलं काही असेल तर आधी तुझ्या डॉक्टरांना विचार.

आता रक्त. वार जिथे चिकटलेली होती तिथे आत एक जखम असते, सुरुवातीला जवळजवळ तळहाताएवढी. बाहेर हाताला एवढी जखम असती तर कुणी तुला बादली उचलू दिली असती का? ती आत आहे, दिसत नाही, एवढाच फरक. पहिले ३-४ दिवस लाल, मग दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-चॉकलेटी, मग पिवळट-पांढरं, असं ४ ते ६ आठवडे चालतं. पहिल्या ते दुसऱ्या आठवड्याच्या दरम्यान त्या जखमेची खपली सुटते तेव्हा मधेच थोडं लाल जाऊ शकतं, आणि काम जास्त झालं तरी जातं. दोन दिवस आडवी हो आणि बघ, कमी झालं तर ते कामाचंच होतं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय, अंड्यापेक्षा मोठी गुठळी पडली, घाण वास यायला लागला, ताप १००.४ च्या वर गेला किंवा उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येतेय, यातलं एक जरी झालं तर बघू-उद्या-जाऊ नाही, निघायचं. आत वारेचा तुकडा राहिला असेल किंवा इन्फेक्शन असेल तर ते असंच समजतं. आणि ६ आठवडे पॅडच वापर, टॅम्पॉन-कप नको.

"लिहायलाच लाज वाटते. टाके आहेत, चार दिवस संडासला गेले नाहीये. भीती वाटते की टाके तुटतील." — ५ दिवसांची

लाज कसली, माझंच सांगते. मी डॉक्टर, शंभर जणींना 'काही होत नाही, जा बिनधास्त' सांगितलेलं, आणि माझी वेळ आली तेव्हा चौथ्या दिवशी मी बाथरूमच्या आत कडीला धरून उभी, पाय थरथरतायत, बाहेरून कुणीतरी दर दोन मिनिटांनी विचारतंय झालं का, आणि मी आतून ओरडतेय बसले पण नाहीये अजून. तर मला माहितीये.

टाके शौचाला जाऊन तुटत नाहीत, हे खरंय. जोर लावायची भीती वाटते ना, मग एक स्वच्छ पॅड घडी करून टाक्यांवर हाताने हलकं दाबून धर आणि मग बस, आधार वाटतो. पायाखाली छोटं स्टूल घे म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील, थोडं पुढे वाक, श्वास रोखून जोर लावू नकोस, तोंडाने सोड. आणि लागली की लगेच जा, दाबून ठेवलं की आतलं पाणी शोषलं जाऊन ते अजून घट्ट होतं आणि मग खरंच त्रास होतो. पाणी, फळं, भाज्या वाढव. चार दिवस झालेत म्हणजे डॉक्टरांना सांगून लॅक्ट्युलोजसारखं सौम्य औषध घे सरळ, पाजताना ते चालतं. लोहाच्या गोळ्यांनी घट्ट होत असेल तर स्वतःहून बंद करू नकोस, बदलून माग.

लघवीला जळजळतं त्याचा उपाय अगदी साधा, लघवी करतानाच मगाने कोमट पाणी ओतत राहायचं. सूज असेल तर बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून दहा-दहा मिनिटं. टाके दोन-तीन आठवड्यांत विरघळायला लागतात, पॅडवर दोऱ्याचा तुकडा दिसला तर घाबरू नकोस (मला यावरून रात्री दोनला फोन आलेत). दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. उलट वाढतंय, पू येतोय, फट पडल्यासारखी वाटतेय तर दाखव. अजून एक, जे कुणीच सांगत नाही. गॅस किंवा शी कळायच्या आत सुटते असं होत असेल तर गप्प बसू नकोस, स्नायूपर्यंत चीर गेली असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

"सिझर झालंय. सगळे म्हणतात तू सुटलीस बाई कळांमधून. पण मला अजून नीट उठता येत नाही, टाक्यांच्या वरची कातडी बधिर आहे आणि खोकला आला की वाटतं पोट उघडेल." — १८ दिवस

ज्यांना वाटतं तू सुटलीस त्यांना विचार, कातडी, चरबी, स्नायूवरचं आवरण, पोटाचा पडदा आणि गर्भाशय असं एकाखाली एक कापून परत शिवलं तर तुम्ही कितव्या दिवशी पाहुण्यांचं बघाल. पोटाचं ऑपरेशन आहे ते. दुसरं कुठलं ऑपरेशन झालेल्या माणसाला कुणी हॉस्पिटलमधून येतानाच एक जीव सांभाळायला देत नाही.

उठताना सरळ उठायचं नाहीच. आधी कुशीवर वळ, पाय बेडखाली सोड, मग हाताने रेटा देऊन बस. खोकला, शिंक, हसू, काहीही आलं की उशी पोटाला घट्ट धर. उशी कायम हाताशी ठेव, टीव्ही बघताना पण. पहिले ६ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, मोठं मूल असेल तर ते तुझ्याकडे चढून येऊ दे, तू वाकून उचलू नकोस. बधिरपणा कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून असतो, कित्येक महिने राहू शकतो आणि कधीकधी थोडा कायमचाही, त्याने काही बिघडत नाही.

पण नुसतं झोपून राहायचं असंही नाही हं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत रक्तात गुठळ्या व्हायचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो आणि सिझरनंतर अजून थोडा, म्हणून घरातल्या घरात थोडं थोडं चालत राहा. एकाच पायाची पोटरी दुखतेय, सुजलीये, गरम लागतेय, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं तर ताबडतोब इमर्जन्सी. टाक्याभोवती लाली पसरतेय किंवा पाणी-पू येतोय तर त्याच दिवशी दाखवायचं.

"पत्र मी लिहितोय, बायकोला माहीत नाही. बाळ पाच आठवड्यांचं. बाळ झोपलं तरी ही छताकडे बघत पडून राहते. जेवत नाही नीट. परवा म्हणाली माझ्याशिवाय तुमचं बरं चाललं असतं. काल रडत सांगितलं की गॅलरीकडे गेलं की बाळ हातातून खाली पडतंय असं चित्र डोळ्यापुढे येतं, म्हणून ती तिकडे जातच नाही. घरचे म्हणतात सगळ्यांनाच होतं, जाईल आपोआप." — एक नवरा

तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. घरचे जे म्हणतात ते पहिल्या दोन आठवड्यांसाठी बरोबर आहे. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास हॉर्मोन्स धाडकन खाली येतात आणि बहुतेक बायकांना विनाकारण रडू येतं, चिडचिड होते, पाच मिनिटांत हसू पण येतं, त्याला बेबी ब्लूज म्हणतात आणि ते दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. पाचव्या आठवड्यात, वाढत चाललेलं, आणि बाळ झोपलेलं असताना सुद्धा झोप लागत नाही, हे ब्लूज नाही. झोप न मिळणं सगळ्याच आयांचं असतं, पण झोपायला मिळतंय आणि झोप येत नाही ही वेगळी गोष्ट आहे, माझे कान तिथेच टवकारतात. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन साधारण १० ते १५ टक्के बायकांना होतं, पहिल्या वर्षात कधीही होऊ शकतं, बाळ हवंहवंसं होतं की नव्हतं, बाई मनाने खंबीर आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता दोन गोष्टी वेगळ्या करून सांगते कारण तुम्ही दोन्ही एका दमात लिहिल्यात.

ते गॅलरीचं चित्र. असे नको ते विचार, बाळ पडेल, बुडेल, माझ्याच हातून काहीतरी होईल, हे कितीतरी नव्या आयांना येतात, सांगत कुणीच नाही कारण वाटतं बाळ काढून घेतील. तिला त्या चित्राची भीती वाटते, ती तिकडे जाणं टाळते, यावरूनच कळतं की तिला ते नकोय. हे चिंतेचं लक्षण आहे आणि उपचाराने जातं. तिला एवढंच सांगा की हे अनेकींना होतं आणि ती वाईट आई नाहीये. गॅलरीत बाळ तुम्ही घेऊन जा.

'माझ्याशिवाय बरं चाललं असतं' याची मात्र मला जास्त काळजी वाटली. हे वाक्य सोडून द्यायचं नसतं. आजच शांतपणे, सरळ शब्दांत विचारा की जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बायका रडतात आणि सुटल्यासारखं वाटतं त्यांना. उत्तर हो असेल किंवा ती उत्तर टाळत असेल तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. उत्तर नाही असेल तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्या, तिच्या डिलिव्हरीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. तिथे बहुतेक एक १० प्रश्नांचा कागद भरायला देतील, एडिंबरा स्केल म्हणतात, १९८७ पासून वापरात आहे, मागच्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात आणि दहावा प्रश्न नेमका हाच असतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पण तपासायला सांगा, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं की असंच मरगळलेलं वाटतं आणि सगळे त्याला मनाचं समजून बसतात.

औषधाला 'मी पाजतेय' म्हणून ती नाही म्हणेल. सर्ट्रालीनसारखी औषधं दुधात अगदी कमी उतरतात आणि पाजणाऱ्या आयांना सर्रास देतात, दूध बंद करावं लागत नाही. समुपदेशनाने पण खूप जणी बऱ्या होतात.

एक धोक्याची खूण मात्र लक्षात ठेवा. बाई झोपतच नाहीये तरी अंगात भलताच जोर आलाय, असंबद्ध बोलतेय, आवाज ऐकू येतायत, कुणीतरी बाळाला बदललंय असं काहीबाही तिला ठामपणे खरं वाटतंय, तर ते सायकोसिस. हजारात एक-दोघींना होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि ती पूर्ण इमर्जन्सी असते, बाळासोबत एकटं ठेवायचं नाही. तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही दिसत नाही.

आणि तुमच्याकडून काय हवंय? 'पॉझिटिव्ह विचार कर' हे वाक्य नको. रात्रीची एक सलग चार-पाच तासांची झोप तिला मिळेल अशी व्यवस्था लावा, बाळ पाजायला आणणं, परत नेणं, ढेकर, लंगोट हे तुमचं. डॉक्टरची अपॉइंटमेंट तुम्ही घ्या, तिला 'घे' म्हणून सांगू नका, त्या अवस्थेत एक फोन लावणं पण डोंगराएवढं वाटतं. तुमचीही झोप-भूक उडाली असेल तर तेही तिथेच बोला, साधारण दहातल्या एका बापालाही या काळात डिप्रेशन येतं.

"डाव्या बाजूला गाठ, लाल झालंय, अंगात कणकण. सगळ्याजणी म्हणतात जोरात चोळून काढ आणि पंपाने रिकामं कर." — २० दिवस

चोळू नकोस! मी पण काही वर्षांपूर्वीपर्यंत हेच सांगायचे, कबूल करते. आधी वाटायचं नळीत दूध अडकलंय, दाबून काढलं की मोकळं होईल. २०२२ मध्ये स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वं बदलली. आत नळीभोवती सूज असते आणि त्या सुजेने नळी दबते, चोळलं की सूज अजून वाढते, आणि पंपाने जास्त काढलं की शरीराला वाटतं मागणी वाढलीये, ते अजून दूध बनवतं. म्हणून आता सांगतात की थंड लाव, आयबुप्रोफेन घे, बाळ जेवढं मागेल तेवढंच पाज, दुखऱ्या बाजूनेही पाज, बंद अजिबात करू नकोस. हात लावायचाच असेल तर लोणी लावल्यासारखा हलका. घट्ट ब्रा नको. २४ तासांत उतार नाही पडला तर अँटिबायोटिक लागू शकतं, आणि ताप चढून अगदीच गळून गेल्यासारखं झालं तर २४ तास पण थांबू नकोस. गाठ तशीच राहिली, मऊ पडली तर सोनोग्राफी करून पू झालाय का बघतात.

"केस मुठीमुठीने जातायत. टक्कल पडेल का?" — ४ महिने

नाही पडणार. गरोदरपणात जे केस गळायला हवे होते ते हॉर्मोन्सनी धरून ठेवले, ते आता एकदम रजा घेतायत. दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान सुरू होतं, वर्षभरात बहुतेक पूर्ववत. महागडी तेलं घेऊ नकोस. वर्ष उलटल्यावरही चालू असेल तर थायरॉइड आणि लोह तपास.

"शिंक आली, हसले, बाळाला उचललं की लघवी सुटते. बाहेर जाणं सोडलंय. आई म्हणते बाळंतपण झालं की असंच असतं, माझंही आहे." — ७ महिने

आईंचंही आहे म्हणजे आईंनीही तेव्हा दाखवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाळंतपणानंतर साधारण तिघींपैकी एकीला हा त्रास होतो, पण होतो म्हणजे सोसायचाच असं कुणी ठरवलं?

ओटीपोटाखालचे स्नायू नऊ महिने वजन पेलून सैल पडतात, त्यांचा व्यायाम असतो. आर्नल्ड केगेल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये तो लोकांपुढे आणला म्हणून केगेल. करायचं काय, तर गॅस आणि लघवी दोन्ही एकदम रोखायची आहे असं समजून आत आणि वर ओढायचं. बसल्या जागी कुणाला कळणार पण नाही, मांड्या-कुल्हे-पोट यातलं काही हलत असेल तर चुकतंय, श्वास थांबला तरी चुकतंय. सुरुवातीला तीन-चार सेकंदच धरता येईल, हळूहळू दहापर्यंत ने, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोड. दहा वेळा, दिवसातून तीनदा, बाळ प्यायला लागलं की सुरू करायचं असं ठरव म्हणजे विसरायला होत नाही. लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नकोस, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळ, मग शिंक, एवढ्यानेच कितीतरी फरक पडतो. तीन महिने मन लावून कर, तोपर्यंत फरक नाही पडला किंवा खाली काहीतरी आल्यासारखं, जड वाटत असेल तर पेल्विक फ्लोअरची फिजिओथेरपिस्ट गाठ. निम्म्या बायका आत ओढायच्या ऐवजी खाली ढकलत असतात, ते तिला बरोबर कळतं. तोवर उड्या आणि धावणं बाजूला ठेव. पोटाचे क्रंचेसही तिला विचारूनच. पोट मधोमध वर उचलल्यासारखं दिसतं का, ते पण तिलाच विचार, स्नायूंमधली फट असेल तर व्यायाम वेगळे असतात.

"पाळी आली नाहीये, पाजतेय, म्हणजे दिवस राहायची भीती नाही ना? आणि जवळ येताना फार दुखतं." — अडीच महिने

भीती आहे. पाजण्याने दिवस राहत नाहीत हे फक्त तीन अटी एकत्र असल्या तरच, बाळ ६ महिन्यांच्या आतलं, पाळी एकदाही आलेली नाही, आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, वरचं काही नाही. तिन्ही असल्या तर साधारण ९८ टक्के भरवशाचं. एक अट मोडली की संपलं, कारण बीज पाळीच्या आधी सुटतं, पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहिलेली आणि तोवर तिसरा महिना लागलेली बाई मी कितीतरी वेळा बघितलीये. वरचं दूध देत असाल तर तिसऱ्या आठवड्यानंतर काळजी घ्यायलाच हवी. कंडोम, तांबी, फक्त प्रोजेस्टेरॉनवाली गोळी हे पाजताना चालतं, त्यातलं तुला काय योग्य ते डॉक्टर सांगतील.

दुखतं कारण पाजताना इस्ट्रोजेन कमी असतं आणि तिथे कोरडेपणा येतो, तुला इच्छा नाही किंवा नवऱ्यात काही कमी आहे असलं काही नाही. पाण्याच्या बेसचं लुब्रिकंट वापरा. तरी दुखत असेल तर टाक्यांची जागा दाखवून घे. आणि तुला अजून नकोच असेल तर नको म्हण, ६ आठवडे झाले म्हणजे परवानगीचा शिक्का बसला असं नसतं.

"मुलीची डिलिव्हरी होऊन ५ दिवस झाले. डोकं सारखं दुखतंय, गोळी घेऊनही राहत नाही, डोळ्यासमोर काजवे चमकतात म्हणते. ती म्हणते झोप नाही म्हणून. बीपी नऊ महिने नॉर्मल होतं." — एक आई

काकू, हे पत्र मी छापायसाठी ठेवलंच नाही, वाचल्या वाचल्या उत्तर पाठवलं की आत्ताच्या आत्ता बीपी बघा. इथे देतेय ते बाकीच्यांसाठी. बाळंतपणात बीपी वाढण्याचा आजार वार बाहेर पडली म्हणजे संपला असं नाही, डिलिव्हरीनंतर ६ आठवड्यांपर्यंत पहिल्यांदाच उद्भवू शकतो, बहुतेकदा पहिल्या काही दिवसांतच, आणि आधी बीपी एकदम नॉर्मल असलेल्या बाईलाही. पाय थोडे सुजणं या आठवड्यात चालतं, पण न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यापुढे काजवे किंवा धूसर, उजव्या बरगडीखाली दुखणं, दम लागणं हे चालत नाही. १४०/९० च्या वर गेलं की डॉक्टरांना कळवायचं आणि अशी लक्षणं सोबत असतील तर थेट हॉस्पिटल, १६०/११० म्हणजे तर मिनिटं मोजायची, झटके येऊ शकतात. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं, "पाच दिवसांपूर्वी डिलिव्हरी झालीये," कारण कडेवर बाळ नसलं की बाळंतीण आहे हे समोरच्याच्या लक्षात येत नाही, नुसती डोकेदुखीची गोळी देऊन परत पाठवतात. मला स्वतःला सहाव्या दिवशी असंच डोकं दुखत होतं आणि मीही जागरणावरच ढकललं, माझ्या सोबतच्या नर्सने ऐकून न घेता दंडाला पट्टा बांधला म्हणून कळलं.

काकूंचं उत्तर आलंय. १५८/१०४ होतं, लगेच अ‍ॅडमिट केलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं, बीपीच्या गोळ्या सुरू आहेत, आता घरी आहे, डोकं दुखत नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी नातवाचं वजनही लिहून पाठवलंय. ते मी वाचलं, छापत नाही.